टॉस जिंकलात. आता मागणार काय?



या आठवड्याच्या व्हिडिओत अमेरिकन फुटबॉलचा विषय काढला आणि वेळच पुरला नाही, म्हणून उरलेलं इथे लिहितोय. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबट चेंडू, हेल्मेट, अंगावर पॅड, तो खेळ. त्यांची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. खेळ आवडला नाही तरी चालेल, टॉस तेवढा समजून घ्या.

क्रिकेटमध्ये टॉस जिंकला की बॅटिंग की बोलिंग, विषय संपला. एनएफएलमध्ये जिंकणारा बॉल घ्यायचा की किक मारून द्यायचा ते ठरवू शकतो, किंवा मैदानाची बाजू निवडू शकतो, किंवा निवडीचा हक्कच दुसऱ्या हाफसाठी राखून ठेवू शकतो. या राखून ठेवण्याला 'डिफर' म्हणतात. तिन्हींपैकी एकच मिळतं. तुम्ही एक उचललंत की उरलेलं समोरच्याचं.

डिफरची सोय एनएफएलमध्ये २००८ साली आली. त्याआधी टॉस जिंकला की बहुतेक सगळे सरळ बॉल मागायचे. आज बहुतेक संघ डिफर करतात. का? समोरचा साहजिकच आधी बॉल घेतो, पण हाफटाइमनंतर बॉल तुमचा. पहिल्या हाफच्या अगदी शेवटी तुम्ही गुण मिळवलेत, तर समोरच्याला फारशी संधी न देता लगेच पुन्हा बॉल तुमच्याच हातात.

पण शब्द नीट वापरायचा हं. 'आम्ही किक मारतो' आणि 'आम्ही डिफर करतो' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'किक' म्हणालात तर तुमची निवड वापरून झाली. दुसऱ्या हाफला निवड समोरच्याची, तो पुन्हा बॉल घेणार. डिसेंबर २०१९ मध्ये डॅलस काउबॉइजचा डॅक प्रेस्कॉट रॅम्सविरुद्ध टॉस जिंकला आणि त्याच्या तोंडून 'डिफेन्स', 'किक' आणि 'डिफर' असं सगळंच आलं. शेवटी हाफटाइमला रेकॉर्डिंग तपासून 'डिफर' धरलं गेलं. वाचले.

२०१५ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड पेट्रियट्स मात्र वाचले नाहीत. जेट्सविरुद्ध ओव्हरटाइमचा टॉस त्यांनी जिंकला. कोचने मुद्दामच किक मारायची ठरवली होती. कॅप्टन मॅथ्यू स्लेटरने किक सांगितली आणि जोडीला बाजूही दाखवली. किक तर मागून झाली, मग बाजू जेट्सची! बॉलही त्यांचा. त्यांनी टचडाउन केला, तेव्हाच्या नियमाने सामना तिथेच संपला, २६-२०.

माझंही असं झालंय. दुकान नवीन होतं तेव्हा एका वितरकाने विचारलं, मार्जिन जास्त हवं की उधारीचे दिवस? मी पटकन 'मार्जिन' म्हणालो आणि मग उधारीचं काढलं. तोवर त्याने बिलबुक उघडलं होतं. 'शेठ, मार्जिन दिलंय ना, मग माल रोखीने.' ऐन दिवाळीत गोदाम भरलेलं आणि गल्ला रिकामा.

निवडीची किंमतही बदलत असते. पूर्वी किक थेट मागच्या एन्ड झोनमध्ये टाकली, की समोरचा २५ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात करायचा. २०२४ पासून किकऑफची मांडणीच बदलली. किक मारणारा त्याच्या ३५ च्या रेषेवर एकटा, त्याचे दहा साथीदार पलीकडे समोरच्या संघाच्या ४० वर उभे. बॉल गोल रेषा आणि २० यार्ड यांच्यामध्ये पडला, तर तो परत पळवावाच लागतो. हवेतून थेट एन्ड झोनमध्ये गेला तर समोरच्याला ३० वरून सुरुवात, आणि २०२५ पासून ३५ वरून. म्हणजे बॉल देणं दहा यार्डांनी महाग झालं. तरी डिफर परवडतं, असं बहुतेक कोच आजही मानतात.

आता ११ फेब्रुवारी २०२४, लास व्हेगास, सुपर बाऊल. दोन वर्षांपूर्वी बफेलो बिल्सना ओव्हरटाइममध्ये बॉल मिळालाच नव्हता, म्हणून प्लेऑफसाठी नियम बदलला होता: पहिल्याने टचडाउन केला तरी दुसऱ्यालाही बॉल मिळणार. त्या नियमाखालचा हा पहिलाच ओव्हरटाइम. १९-१९ अशी बरोबरी, टॉस सॅन फ्रान्सिस्कोने जिंकला आणि बॉल घेतला. कोच काइल शानाहानचा हिशोब असा, की दोघांची एकेक पाळी बरोबरीत सुटली तर तिसरी पाळी आपली, आणि तिथे जो आधी गुण करेल तो जिंकेल. हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. पण चौथ्या प्रयत्नाला चार यार्ड बाकी असताना किती गुण पुरतील हे कळायला मार्ग नव्हता, त्यांनी फील्ड गोलचे तीन गुण घेतले.

कॅन्सस सिटी चीफ्सना मात्र आकडा समोर दिसत होता. त्यांचाही चौथा प्रयत्न आला, एक यार्ड हवा होता. एरवी अशा जागी बॉल लाथाडून दूर पाठवतात. इथे तसं केलं असतं तर खेळ खलास, म्हणून माहोम्स स्वतः बॉल घेऊन पळाला. पुढे टचडाउन, २५-२२.

सामन्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी सांगितलं, की ओव्हरटाइमचा नियम बदललाय हेच त्यांना माहीत नव्हतं. चीफ्सचे खेळाडू म्हणाले, आमची यावर आधीच चर्चा झाली होती. टॉस जिंकलो असतो तर आम्ही किक मारणार होतो.

पुढच्या व्हिडिओत दुकानाच्या भाडेकरारातली अशीच एक निवड घेऊ: डिपॉझिट कमी की लॉक-इन कमी. आपापला करार काढून ठेवा.