ही किल्ली नक्की कोणाची?

डिसेंबर २०१२ मध्ये रिओ दि जानेरोत राहणारे पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना एका अनोळखी माणसाची मेल आली. खाली सही होती 'सिनसिनाटस'. मागणी एवढीच, की आधी संगणकावर पीजीपी हे मेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर बसवा, मग सविस्तर बोलू. ग्रीनवाल्ड यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्या माणसाने सगळं समजावून सांगणारा व्हिडिओही करून पाठवला, तरी काम राहूनच गेलं. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये त्याने माहितीपट करणाऱ्या लॉरा पॉइट्रस यांना गाठलं. त्यांना हे सॉफ्टवेअर सराईतपणे वापरता येत होतं. तो माणूस म्हणजे एडवर्ड स्नोडेन. अमेरिकी सरकारच्या पाळतीचा एवढा मोठा पुरावा काही आठवडे अडून राहिला, तो एक सॉफ्टवेअर बसवण्याच्या कंटाळ्यापायी.

आपल्या संगणकापासून मेल-कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची वाट आता बहुतेक ठिकाणी सुरक्षित असते. पण सर्व्हरवर पोचलेला मजकूर कंपनीला वाचता येतो, आणि कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या कोणालाही. पीजीपी मजकूर आपल्याच संगणकावर कुलूपबंद करतं आणि तो उघडतो थेट समोरच्या माणसाच्या संगणकावर. मधल्या सगळ्यांच्या हाती लागतो निव्वळ अक्षरांचा गोंधळ.

गुप्त लिखाणाची जुनी अडचण अशी, की मजकुराच्या आधी किल्ली पोचवावी लागते आणि ती वाटेत कोणाच्या हाती पडली तर सगळंच फसतं. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर उपाय मांडला. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असावी, बंद करायची सार्वजनिक आणि उघडायची खासगी. सार्वजनिक किल्ली खुशाल चव्हाट्यावर मांडा, खासगी स्वतःजवळच ठेवा. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ही कल्पना आकड्यांत उतरवली. (ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेतल्या गणितज्ञांनी हेच आधी शोधलं होतं, पण ते १९९७ पर्यंत जगाला कळलं नाही.)

हे गणित कागदावर करून बघण्याजोगं आहे. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. माझी सार्वजनिक किल्ली म्हणजे ३३ आणि ३ ही जोडी. ती सगळ्यांना सांगितली. तुम्हाला मला ४ हा आकडा गुपचूप कळवायचा आहे. ४ चा घन करा : ६४. त्याला ३३ ने भागा, बाकी उरते ३१. हा ३१ तुम्ही उघड्यावर पाठवा. माझ्याकडे खासगी आकडा आहे ७. मी ३१ चा सातवा घात काढतो, तो येतो २७,५१,२६,१४,१११. त्याला ३३ ने भागलं की बाकी उरते बरोबर ४.

हा ७ आला कुठून? ३ आणि ११ या दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार केला, तर २० मिळतात. आता ३ ला अशा संख्येने गुणायचं, की २० ने भागल्यावर बाकी १ उरावी. तीन साते एकवीस. म्हणजे ३३ चे अवयव ज्याला ठाऊक, त्याला ७ सापडणारच. ३३ चे अवयव चौथीतलं पोरही सांगेल. पण संख्या सहाशेहून अधिक अंकी असली तर? गुणाकार क्षणात होतो, उलट वाट मात्र सापडत नाही. १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचं कोडं जाहीर झालं होतं. ते १९९४ मध्ये सुटलं, तेही सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आठ महिने सोळाशे संगणक राबवल्यावर. २०२० मध्ये मजल २५० अंकांपर्यंत गेली. प्रत्यक्षात पीजीपी अख्खी मेल या पद्धतीने बंद करत नाही, ते फार सावकाशीचं काम. ते मजकुरासाठी दर वेळी एक ताजी तात्पुरती किल्ली तयार करतं आणि तेवढीच या गणिताने झाकून सोबत पाठवतं.

हे गणित सामान्य माणसाच्या हाती दिलं ते फिल झिमरमन यांनी. १९९१ मध्ये त्यांनी पीजीपी फुकट वाटलं आणि ते बघता बघता अमेरिकेबाहेर पोचलं. अमेरिकी कायद्यात तेव्हा बळकट कूटलेखन शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं, त्यामुळे १९९३ पासून झिमरमन यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. १९९५ मध्ये एमआयटीच्या प्रकाशन संस्थेने पीजीपीचा सगळा कोड पुस्तक म्हणून छापला, कारण छापील पुस्तक परदेशी पाठवायला बंदी नव्हती! १९९६ च्या जानेवारीत चौकशी गुंडाळली गेली. आज आपण हे सॉफ्टवेअर बिनधास्त उतरवून घेतो, त्यामागे त्या माणसाने तीन वर्षं सोसलेली टांगती तलवार आहे, हे विसरता कामा नये.

मग हे घरोघरी का पोचलं नाही? १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी १२ जणांना पीजीपी ५.० देऊन बसवलं. सगळे शिकलेले, मेल वापरणारे. काम गुपित मजकूर बंद करून मेलने पाठवण्याचं, वेळ ९० मिनिटं. बहुतेकांना काम जमलं नाही. सात जणांनी दुसऱ्यासाठीचा मजकूर स्वतःच्याच सार्वजनिक किल्लीने बंद केला, म्हणजे ज्याला पाठवला त्याला तो उघडणारच नाही. तिघांनी तर गुपित उघडंच पाठवून दिलं. मला यात त्या बारा जणांचा दोष दिसत नाही. पडद्यावर चित्र किल्लीचं दाखवायचं आणि तिने कुलूप फक्त लावायचं, हे न सांगता कोणाला कळावं?

याहून मोठी खोच वेगळीच आहे. तुमच्या नावाची किल्ली कोणीही तयार करू शकतं. पीजीपीची ही किल्ली बनवताना नाव आणि मेलचा पत्ता आपणच टाकायचा असतो, ओळखपत्र कोणी मागत नाही. तुमच्या वकिलाच्या नावाची खोटी किल्ली मी तुमच्या गळ्यात मारली, तर तुमची मेल अगदी पक्की बंद होईल, पण माझ्यासाठी. म्हणून प्रत्येक किल्लीला 'फिंगरप्रिंट' असतो, आजवरच्या बहुतेक किल्ल्यांत चाळीस आकडे-अक्षरांचा. तो फोनवर, ओळखीच्या आवाजात, चार-चारच्या गटाने वाचून ताडून बघायचा. शेवटची आठ अक्षरं जुळली म्हणून थांबायचं नाही. तेवढी जुळणारी बनावट किल्ली साध्या संगणकावर तयार होते. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाची अशी किल्ली सापडली होती.

किल्ल्यांची हीच जोडी उलटी फिरवली की सही होते : खासगीने करायची, सार्वजनिकने तपासायची. महाराष्ट्रातला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच, की तिथे किल्ली कोणाची याची हमी सरकारमान्य संस्था देते. पीजीपीत ती खातरजमा आपल्यालाच करावी लागते. भारतात हे वापरायला मनाई नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ठरावीक कारणांसाठी मजकूर उलगडून मागू शकतं आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रोजच्या गप्पांसाठी पीजीपीचा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सिग्नल हे ॲप सोपं आणि अधिक सुरक्षित. पीजीपीची खासगी किल्ली चोरीला गेली, तर साठवलेल्या सगळ्या जुन्या मेल एका दमात उघडतात. शिवाय कोणी कोणाला कधी मेल केली हे लपत नाही आणि विषयाची ओळही बऱ्याचदा उघडी राहते. पण वकील, पत्रकार, डॉक्टर, अन्यायाची कागदपत्रं बाहेर काढणारा सरकारी कर्मचारी, यांचा व्यवहार अजून मेलवरच चालतो. त्यांनी हे शिकून घ्यायलाच हवं, आणि गरज पडायच्या आधी.

२०२० पासून थंडरबर्ड या मोफत मेल-प्रोग्राममध्ये ही सोय आतच आहे. किल्लीची जोडी बनवायला दोन-चार मिनिटं पुरतात. पहिला सराव घरातल्याच कोणाशी तरी करा. मग लगेच दोन कामं उरका. खासगी किल्लीची एक प्रत पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर घ्या, कारण ती हरवली तर तुमच्याच मेल तुम्हाला कायमच्या बंद. आणि किल्ली रद्द करण्याचा दाखला आजच काढून, छापून, घराच्या कागदपत्रांत ठेवा. संगणक चोरीला गेल्यावर तो काढायला किल्लीच हाताशी नसते.