हप्ते थकले, गाडी वाचेल?

अमेरिकेत हप्ते थकले की वसुलीवाले रात्रीतून दारातली गाडी टोचन लावून नेतात; बहुतेक राज्यांत त्यासाठी कोर्टाचा हुकूमही लागत नाही. दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच ही वसुली थांबते. दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर १३’मध्ये थकबाकी ३ ते ५ वर्षांत फेडता येते.

यातली खरी मेख ९१० दिवसांची. घरच्या वापराची गाडी कर्जावर घेऊन त्याहून जास्त दिवस झाले असतील, तर तारण कर्ज गाडीच्या आजच्या किमतीइतकंच धरतात. समजा, देणं १८ हजार डॉलर आणि गाडी ११ हजारांची. वरचे ७ हजार क्रेडिट कार्डाच्या देण्यांच्या रांगेत जातात, आणि तिथे बहुधा थोडंच भरावं लागतं. ही अट २००५च्या कायद्यातली. सावकारांच्या सोयीची, हे उघडच आहे.

‘चॅप्टर ७’मध्ये गाडी सोडा, करार पुन्हा पत्करा किंवा आजची किंमत एकरकमी मोजा. जामीन राहिलेल्या मित्राला तिथे संरक्षण नाही, १३मध्ये आहे.

गाडी आधीच उचलली असेल तर? शिकागो महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं, की ती नुसती ताब्यात ठेवल्याने वसुली थांबवणाऱ्या स्थगितीच्या संबंधित कलमाचा भंग होत नाही. परत मिळवायला कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तोवर कामावर जायचं बसने.