बलराम कोणत्या राज्याचे?

भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचा विषय निघाला, की बंगालमधील जुने जाणकार तीन नावे एका दमात घेतात: चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम. पद्म पुरस्कारांच्या यादीत मात्र यांपैकी दोनच नावे सापडतात. गोस्वामी यांना १९८३ मध्ये आणि बॅनर्जी यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. बलराम यांना १९६२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या सहा दशकांत पद्म सन्मान त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

त्यांची कामगिरी दुय्यम होती, असे म्हणण्यास आधार नाही. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकावर आलेल्या भारतीय संघात ते होते. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तीच ही स्पर्धा. १९६० मध्ये रोमला भारताने तीन सामन्यांत मिळून तीन गोल केले, त्यांपैकी दोन बलराम यांचे होते. एक हंगेरीविरुद्ध आणि एक पेरूविरुद्ध. त्या हंगेरीने पुढे कांस्यपदक जिंकले. भारतीय फुटबॉल संघाला मात्र त्यानंतर ऑलिंपिकचे दार उघडलेले नाही. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रतिकूल प्रेक्षकांसमोर दक्षिण कोरियाला २–१ असे नमवून भारताने सुवर्णपदक मिळवले. त्या संघाच्या आघाडीच्या फळीत बलराम होते. तसे सुवर्णपदकही पुन्हा आलेले नाही. पुढच्याच वर्षी फुप्फुसांच्या विकाराने त्यांची कारकीर्द संपवली. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

मी त्यांना खेळताना पाहिलेले नाही. माझ्या पिढीला ते शक्यही नव्हते. सेवेच्या निमित्ताने काही वर्षे कोलकात्यात राहिलो, तेव्हा वयाने वडील असलेल्या सहकाऱ्यांकडून त्यांच्याविषयी ऐकले. बलराम यांचे नाव निघताच ही माणसे जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि पेले मांडून चाली समजावून देत. डावीकडून ते आत कसे शिरत, स्वतःला गोल करता येत असतानाही चेंडू सहकाऱ्याकडे कसा सोपवत, हे सांगताना त्यांचे स्वर बदलत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तेव्हाच एक गोष्ट खटकली होती. कोलकात्यात दूरचित्रवाणी आली १९७५ मध्ये. बलराम थांबले १९६३ मध्ये. त्यांच्या खेळाचे मुख्य दफ्तर म्हणजे त्या प्रेक्षकांची स्मृती. आज ते प्रेक्षक ऐंशीच्या घरात आहेत.

मग हे नाव राहिले कसे? मला याचे एक कारण प्रशासकीय वाटते. बलराम यांचा जन्म सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा आणि घर तमिळ. घरची परिस्थिती बेताची. त्यांना हेरणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम त्यांना सायकलच्या भाड्यापुरते पैसे देत, असे सांगितले जाते. संतोष करंडकात ते आधी हैदराबादकडून खेळले आणि नंतर बंगालकडून. ईस्ट बंगालने त्यांना नाव दिले, रेल्वेने नोकरी दिली आणि उत्तरायुष्य हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात गेले. असा माणूस खऱ्या अर्थाने अखिल भारतीय असतो. पण पद्म पुरस्कारांच्या शिफारशी प्रामुख्याने राज्ये आणि मंत्रालये यांच्याकडून येत. अशा फायली कशा चालतात, हे मी जवळून पाहिले आहे. प्रत्येक राज्याला आधी ‘आपला’ माणूस आठवतो. आंध्रच्या दृष्टीने बलराम बंगालचे झाले होते, बंगालच्या दृष्टीने ते बाहेरून आलेले आणि तमिळनाडूत तर ते कधी राहिलेच नव्हते. कोणी मुद्दाम अन्याय केला असेल असे नाही. ती फाईल पुढे नेणे हे कोणाचेच काम नव्हते. त्यात स्वतःसाठी शब्द टाकण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

अलीकडे ही पद्धत खुली झाली आहे. कोणताही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो आणि त्यामुळे अनेक अपरिचित नावे यादीत आली, हे मान्य केले पाहिजे. पण पद्म सन्मान सर्वसाधारणपणे मरणोत्तर दिला जात नाही. अपवाद अगदी योग्य प्रकरणांतच केला जातो. ज्या पिढीची कामगिरी पन्नास-साठच्या दशकांतली आहे, तिच्यासाठी हा खुलेपणा बहुतांशी उशिरा आला. खुद्द रहीम यांचे निधन १९६३ मध्ये झाले आणि प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये. अखेर २०२४ मध्ये ‘मैदान’ या चित्रपटाने त्यांना नव्या पिढीसमोर आणले. शासनाने करायचे काम चित्रपटगृहाने केले.

येथे दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, मरणोत्तर सन्मानाचा अपवाद राष्ट्रीय संघांच्या त्या पिढीसाठी मोकळ्या मनाने वापरावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दुसरी अधिक निकडीची. जुन्या सामन्यांची वृत्ते, छायाचित्रे, आकाशवाणीची उपलब्ध ध्वनिमुद्रणे आणि प्रत्यक्षदर्शींच्या मुलाखती एकत्र करणारे राष्ट्रीय क्रीडा दफ्तर उभारावे. सुरुवात कोलकाता आणि हैदराबादपासून करावी, कारण तिथे सांगणारे अजून आहेत. यासाठी क्रीडासंकुलाइतका खर्च येणार नाही. काही ध्वनिमुद्रक, काही प्रशिक्षित विद्यार्थी आणि दोन-तीन वर्षांचा चिकाटीचा उद्योग एवढ्यावर बरेच साधेल.

पुरस्कार दहा वर्षांनीही देता येईल. रोमच्या त्या दोन गोलांविषयी वर्तमानपत्र वाचून भावांशी भांडलेला मुलगा मात्र तोवर आपल्यात नसेल. त्याच्या दारावर आधी थाप पडली पाहिजे.