कॅशच्या खिडकीतले हात

मी एका सहकारी बँकेत कॅशियर होते. खिडकीतून ग्राहकाला माझे दिसायचे ते मुख्यतः हात. त्यांवर मनगटापासून कोपरापर्यंत सोरायसिसचे लाल चट्टे, वर चंदेरी पापुद्रे. मोजलेल्या नोटा पुढे सरकवल्या की काही जण त्या उचलायला बिचकत. एका गृहस्थांनी दुसऱ्या खिडकीतून पैसे मागून घेतले. मग साहेबांनी मला आतल्या टेबलावर बसवलं. "तुम्हालाच बरं पडेल," म्हणाले. मला ते बरं पडलं नाही.

सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. यात शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते. एरवी त्वचेच्या पेशी महिनाभरात वर येऊन गळून जातात. इथे त्या चार-पाच दिवसांतच वर येतात आणि साचत राहतात. यात अस्वच्छता नाही की मागच्या जन्मीचं पाप नाही. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली सोरायसिसवर खास ठराव केला, त्यात रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाचाही उल्लेख आहे. आपल्याकडे मात्र गजकर्ण, इसब, सोरायसिस, महारोग सगळं एकच. (महारोग्यालाही अशी वागणूक मिळू नये, हे आहेच.)

माझ्या आधीच्या डॉक्टरांनी चट्टे पाहिले, मलमं दिली. नव्या डॉक्टरीणबाईंनी एका प्रश्नावलीचा कागद पुढे घेतला. कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ साली दहा प्रश्नांची ही प्रश्नावली तयार केली. गेल्या आठवड्यात आजाराने जगण्यात किती अडथळा आणला, एवढंच ती विचारते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली, तर परिणाम फार मोठा समजतात.

बाई मराठीत एकेक प्रश्न विचारत गेल्या. कपडे निवडताना आजाराचा विचार करावा लागला का? मी भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून बसले होते. काळी चंद्रकळा वर्षानुवर्षं कपाटात पडून, कारण डोक्यातला कोंडा खांद्यावर पडला की काळ्यावर लगेच उठून दिसतो. चारचौघांत मिसळायला अडचण? मला संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. यजमानीणबाईंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, माझ्यासमोर वाटी टेकवली. बोलल्या गोडच, पण बोटाला बोट लागू दिलं नाही. उपचारांचा त्रास? रात्री डांबराचं मलम लावायचं, त्याचा वास खोलीभर, उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग. माहेरी जातानाही पिशवीत माझी स्वतःची चादर असते. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलही एक प्रश्न आहे. तो त्यांनी बाकीच्यांसारखाच सहज विचारला. तोवर मला तो कोणीच विचारला नव्हता.

बेरीज एकोणीस झाली. "अंगावरचे चट्टे बघितले तर तुमचा आजार मध्यम म्हणायचा," बाई म्हणाल्या, "पण हा आकडा मध्यम नाही." मला रडू आवरेना. मग उपचार बदलले. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी आणि तिच्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी सुरू झाली. झोप उडाली होती, तिच्यासाठी समुपदेशकांकडे पाठवलं. सकाळी बोटं आखडतात का, हेही विचारलं, कारण सोरायसिसच्या दहापैकी दोघा-तिघांना सांधेदुखीही होते.

आता चट्टे बरेच विरले आहेत. आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. पण कातडी निवळली तरी मी अजून सुट्टे पैसे समोरच्याच्या हातात न देता टेबलावर ठेवते. ही सवय जायला औषधापेक्षा जास्त वेळ लागतोय.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर त्याला ऐकीव लेप सुचवू नका. दुकानातून विचारून आणलेलं स्टेरॉईडचं मलम तर लावू देऊच नका. ते थांबवल्यावर आजार उसळू शकतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जा. झोप लागत नाही, लग्नकार्य टाळतो, एकटा बसून राहतो, हे त्याच्याकडून सांगवत नसेल तर तुम्ही सांगा. आणि तिळगूळ त्याच्या हातावरच ठेवा.