परसातल्या मांडवावर काय घालावं?

साताऱ्याच्या घरामागे आम्ही बांबूचा मांडव उभा केला, तो दादींसाठी. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्यांना बसवत नाही. असरची नमाज झाली की तसबीह घेऊन त्या परसात येतात. पण मांडवावर घालायचं काय, यावर घरात चार माणसांची पाच मतं!

आधी ताडपत्री बांधली. सावली झाली, पण खाली नुसती वाफ कोंडायची. वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात ती शिडासारखी फुगली आणि दोन बांबू उपटून गेली. अल्लाहचं करम, दादी आत होत्या.

सांगलीच्या फुफी म्हणाल्या, द्राक्षवेल चढवा. तासगावच्या बागा पाहून मोह होतोच. पण तिकडे एप्रिलमध्ये छाटणी असते. ऐन उन्हात मांडव उघडाबोडका. उसाचं पाचट गार असतं, पण आमची चूल तिथंच, एक ठिणगी पुरे.

शेवटी शेडनेट आणली. 50 टक्क्यांची निम्मं ऊन अडवते, 75 टक्क्यांची पाऊण. दाट सावलीसाठी 75 चीच घ्यावीशी वाटते, पण खाली वेल वाढवायची तर 50 ची बरी. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे बांबूंवर ताण कमी. पाऊस मात्र अडत नाही.

खांबाशी मधुमालती लावलीय. वजूचं पाणी पन्हळीनं तिच्याच मुळाशी जातं. वेल वर पसरली की जाळी काढायची, असं ठरलंय. दादी रोज संध्याकाळी विचारतात, ‘‘आता किती हात राहिली?’’