९४४ मिलिमीटरचं चित्र कसं काढायचं?

२६ जुलै २००५च्या पावसाचा आकडा जुहूकरांना तोंडपाठ आहे: ९४४ मिलिमीटर. तो मोजला गेला जवळच, सांताक्रूझच्या वेधशाळेत. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरसुद्धा पाऊस झाला नव्हता. पण हवामान खात्याच्या रोजच्या नोंदींमध्ये २६ जुलैच्या ओळीवर बोट ठेवलं, तर ९४४ तिथे सापडत नाही. तो असतो खालच्या ओळीत, २७ तारखेसमोर. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या २४ तासांचा सगळा हिशेब त्या सकाळच्या तारखेला चढतो.

आता समजा, जुहूतल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी शेजारच्या रकान्यात भरतीची उंची भरली आणि दोन्हींचा मिळून आलेख काढला. पाऊस एका दिवसाचा आणि भरती दुसऱ्या दिवसाची, अशी जोडी जमते. एक्सेल तक्रार करत नाही, गूगल शीट्स करत नाही, महागडं सॉफ्टवेअरही करत नाही. आलेख सुबक येतो आणि साफ चुकलेला असतो. म्हणून कोणतं साधन घ्यावं हा प्रश्न नंतरचा. या रकान्यांना नेमकं काय विचारायचंय, हे आधी ठरायला हवं.

जुहूत तो प्रश्न बहुतेक वेळा पाणी तुंबण्याचा असतो. इर्ला नाला इथे समुद्राला मिळतो. मोठी भरती आली की समुद्राचं पाणी नाल्याच्या मुखाच्या वर चढतं आणि आतलं पाणी बाहेर पडत नाही. इर्ल्याला उदंचन केंद्र बांधावं लागलं ते यासाठीच. तिथले पंप पाणी उपसून समुद्रात सोडतात. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर न्यायला सांगितलं. हे दोन्ही आकडे तासाचे आहेत. दिवसभर संथपणे शंभर मिलिमीटर पडला तर नाला तो वाहून नेतो. तेवढाच पाऊस ऐन भरतीत दोन तासांत कोसळला, तर रस्त्यावर गुडघाभर पाणी. दिवसाच्या बेरजेच्या आलेखात मात्र दोन्ही दिवसांचे स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतात.

जून ते सप्टेंबर कोणत्या महिन्यात किती पाऊस झाला, एवढंच सांगायचं असेल तर हाताशी असलेलं एक्सेल पुरे. फुकट हवं असेल तर लिबरऑफिसचं कॅल्क किंवा गूगल शीट्स. चार महिने, चार स्तंभ, आणि उभा अक्ष शून्यापासून. विल्यम प्लेफेअरने १७८६मध्ये आपल्या पुस्तकात स्तंभालेख छापला, तेव्हापासून लोकांची नजर स्तंभाच्या लांबीची तुलना करायला सरावली आहे. अक्ष पाचशेपासून सुरू केला की सहाशेचा स्तंभ साडेपाचशेच्या दुप्पट उंच दिसतो. वृत्तालेखाच्या रंगीत फोडी दिसायला छान असतात, पण कोनांची तुलना डोळ्यांना जड जाते. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४मध्ये माणसांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं.

एक पायरी पुढे गेलं की साधनांमधला फरक जाणवू लागतो. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार आणि २०४.४च्या पुढे अत्यंत मुसळधार. या मर्यादांच्या आडव्या रेघा आलेखावर हव्या असतील तर एक्सेलमध्ये सहसा वेगळा रकाना करून प्रत्येक ओळीत तोच आकडा भरावा लागतो. बर्लिनच्या डेटारॅपरमध्ये रेघेचा आकडा टाकला, नाव लिहिलं की झालं. वर्तमानपत्रांची गरज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं हे साधन आहे, त्यामुळे त्याचा आलेख मोबाइलच्या अरुंद पडद्यावरही वाचता येतो. सोसायटीचे बहुतेक सभासद तो व्हॉट्सॲपवरच बघणार आहेत, त्यामुळे हा गुण मोठा.

पाऊस आणि भरती एकत्र दाखवायचं म्हटलं की बहुतेकांचा हात दोन अक्षांच्या आलेखाकडे जातो: डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे मीटर. इथे जपायला हवं. उजवा अक्ष थोडा ताणला की दोन रेषा हव्या तिथे एकमेकींना छेदतात आणि त्या छेदाला काहीच अर्थ नसतो. त्यापेक्षा एकाखाली एक दोन आलेख ठेवावेत, खाली वेळेचा अक्ष एकच. नाहीतर विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख: आडवी भरतीची उंची, उभा त्या तासाचा पाऊस, प्रत्येक तासाचा एक ठिपका. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात जे थोडे ठिपके जमतात, त्या तासांना पाणी भरलं होतं का, हे रहिवाशांना विचारावं. एवढं एक्सेलमध्येही जमतं. ठिपक्यावर बोट ठेवताच तारीख दिसायला हवी असेल, तर डेटारॅपर किंवा फ्लरिश.

तासाचा पाऊस हवा म्हटलं की शीट फुगते. २००५नंतर महापालिकेने शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. नोंद दर १५ मिनिटांनी धरली तर दिवसाला ९६ ओळी आणि पावसाळ्याच्या १२२ दिवसांत एका केंद्राच्या ११,७१२ ओळी. दहा केंद्रांची दहा वर्षं एकत्र केली की ११,७१,२०० होतात. एक्सेलची एक शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते. ओळी कापल्या जाण्याची भीती खरी आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेली आणि सुमारे १६,००० कोविड रुग्णांची नोंद वेळेत पुढे पोचलीच नाही. ओळी इतक्या वाढल्या की पॉवर बीआय किंवा टॅब्लोकडे वळावं. केंद्रं नकाशावर मांडायची असतील तर क्यूजीआयएस फुकट मिळतं आणि उत्तम चालतं.

मेहनत बहुतेक वेळा साधनात नाही, शीट साफ करण्यात जाते. तळाशी ‘एकूण’ची ओळ तशीच राहते आणि आलेखात सप्टेंबरच्या शेजारी एक राक्षसी स्तंभ उभा राहतो. रिकामा चौकोन म्हणजे नोंदच नाही आणि शून्य म्हणजे पाऊस नाही. हे दोन्ही एकच धरले तर बंद पडलेलं यंत्र कोरडा दिवस दाखवतं. वर्षं आडवी आणि तारखा उभ्या असलेला तक्ता माणसाला वाचायला सोपा, पण टॅब्लो किंवा मिलानच्या रॉग्राफ्सला तोच उभा लागतो: तारीख, केंद्र, पाऊस. एक्सेलच्या पॉवर क्वेरीमध्ये ‘अनपिव्हट’ केलं की आडव्याचा उभा होतो. आणि मराठी शीर्षकं जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर वेबवरच्या साधनात ती अगम्य अक्षरं होऊन बसतात. ती आधी युनिकोडमध्ये आणावीत.

पावसाचे आकडे कोणीही बघावेत. सभासदांच्या थकबाकीची यादी तशी नाही. टॅब्लो पब्लिकवर प्रकाशित केलेलं काम जगाला दिसतं, हे फाइल चढवण्यापूर्वीच लक्षात हवं. रॉग्राफ्स आकडे ब्राउझरमध्येच ठेवून आलेख काढतं, आपल्या सर्व्हरवर नेत नाही. अशा माहितीसाठी ते बरं.

गेटवरच्या वॉचमनला यातला एकही आलेख नको असतो. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका दर वर्षी आधीच जाहीर करते. ती यादी, तारीख, वेळ आणि उंची अशा तीन रकान्यांत, मोठ्या अक्षरांत छापून केबिनमध्ये चिकटवली, की कोणत्या दुपारी तळमजल्यावरच्या स्कूटर आधी हलवायच्या आणि पंप तपासून ठेवायचा, हे त्याला कळतं.