जुना दाढीचा ब्रश: भीती कशाची, धोका कशात

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पितळी डबे, बंद पडलेली घड्याळे आणि कुलपांच्या ढिगात कधीकधी एखादा दाढीचा ब्रश सापडतो. मूठ बेकलाइटची किंवा शिंगाची, हातात धरताच वजन जाणवणारी; केस पिवळट पडलेले आणि त्यांच्या बुडाशी पांढरा, घट्ट थर. असा ब्रश पाहून दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली किळसेची: कोणाच्या तरी तोंडावरून फिरलेली वस्तू आपल्या तोंडाला कशी लावायची? दुसरी बेफिकिरीची: त्यात काय, दहा मिनिटे उकळला की झाला शुद्ध. वरवर पाहता या दोन्ही उलट टोकांच्या वाटतात, पण त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. ब्रशमधला धोका आधी वापरणाऱ्याकडून येतो आणि तो उष्णतेने जातो, अशी ती समजूत. तिचे दोन्ही भाग पुराव्यावर टिकत नाहीत. दाढीच्या ब्रशमुळे माणसे दगावल्याचा जो सर्वांत ठळक इतिहास आहे, तो वापरलेल्या ब्रशांचा नाहीच. दुकानातून आणलेल्या कोऱ्या ब्रशांचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपल्याकडे जनावरांमध्ये फाशी किंवा काळपुळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे, रुग्ण अचानक वाढले. त्यांतले अनेक जण सैनिक होते आणि फोड चेहऱ्यावर व मानेवर उठत होते. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून सैनिकांना रोज गुळगुळीत दाढी करावी लागे, आणि दाढी करताना कातडीला पडणाऱ्या बारीक चिरा जंतूंना आयत्या वाटा देत. शोध घेतल्यावर बोट दाढीच्या ब्रशाकडे वळले. युद्धापूर्वी चांगला ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा असे. युद्धाने त्या केसांचा पुरवठा आटला आणि आशियातून येणाऱ्या घोड्याच्या स्वस्त केसांना रंगरूप देऊन ते बॅजरचे म्हणून विकले जाऊ लागले. पूर्वी असा माल युरोपातल्या ज्या ठिकाणी निर्जंतुक होऊन पुढे जाई, तो मार्गही युद्धाने तुटला. परिणामी रोगाने मेलेल्या जनावरांच्या केसांतले जंतू ब्रशात जसेच्या तसे राहिले आणि ब्रशासोबत न्हाणीघरात पोचले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा अशा रुग्णांची संख्या दोनशेच्या वर भरली. प्रतिजैविके उपलब्ध नसण्याचा तो काळ होता. त्वचेच्या अँथ्रॅक्सवर उपचार झाले नाहीत तर शंभरातले वीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात. ब्रिटनने १९१९ मध्ये अँथ्रॅक्स रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९२१ मध्ये लिव्हरपूल येथे आयात लोकर व केस फॉर्मॅल्डिहाइडने निर्जंतुक करणारे सरकारी केंद्र उभे राहिले. अमेरिकेतही नियम कडक झाले, आणि तिथल्या अनेक जुन्या ब्रशांच्या मुठीवर ‘स्टरिलाइज्ड’ असा ठसा आजही दिसतो.

या घटनाक्रमातून जो प्रश्न निघतो तो आधीच्या मालकाचा नाही, उगमाचा आहे: हे केस कोणत्या प्राण्याचे, आणि ब्रश साधारण कोणत्या काळात बनला? १९३० नंतर बनलेल्या ब्रशाबाबत अँथ्रॅक्सची चिंता करण्याचे कारण उरत नाही, आणि कृत्रिम तंतूंच्या ब्रशाबाबत तर ती मुळातच नाही. त्याआधीच्या प्राणिज केसांच्या ब्रशातही धोका फार कमी आहे, पण शून्य म्हणता येत नाही. यावर हरकत अशी घेतली जाते की, ज्या ब्रशाने कोणी वीस वर्षे सुखरूप दाढी केली तो आपोआप सिद्ध झाला. या म्हणण्यात तथ्य आहे. झिजलेला, भरपूर वापरलेला ब्रश हा पेटीत कोरा पडून राहिलेल्या ब्रशापेक्षा अधिक भरवशाचा, आणि किळस करणाऱ्यांनी नेमके हेच लक्षात घ्यायला हवे. मात्र त्याला पुरावा म्हणता येणार नाही, कारण अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूंचे सुप्त रूप, विलक्षण चिवट असतात. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराने त्यांची चाचणी घेतली. माती फॉर्मॅल्डिहाइडने धुऊन ते बेट सुरक्षित जाहीर करायला १९९० साल उजाडले.

मग उकळून का घेऊ नये? उकळत्या पाण्यात पुष्कळसे बीजाणू मरतात, पण सगळे मेले याची खात्री देता येत नाही. घट्ट बांधलेल्या झुपक्याच्या गाभ्यात, डिंकात रुतलेल्या केसांपर्यंत उष्णता कितपत पोचली हे बाहेरून कळत नाही. खात्रीचे निर्जंतुकीकरण दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअस वाफेत, पंधरा मिनिटांनी होते. घरचा कुकर त्या तापमानाच्या जवळ जातो हे खरे, पण तोवर ब्रश ब्रश राहत नाही. जुन्या ब्रशांचे झुपके राळ, लाख, रबर किंवा सिमेंटसारख्या लुकणाने मुठीत बसवलेले असत. राळ आणि लाख तर उष्णतेने सरळ मऊ पडतात. लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तडकते. सेल्युलॉइडची मूठ वाकते, शिवाय तो पदार्थ ज्वालाग्राही आहे. केस म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन, आणि दीर्घकाळ उकळल्यावर ते राठ व ठिसूळ होते. ब्लीचिंग पावडरचे पाणी याहून वाईट, कारण क्लोरीन हे प्रथिन विरघळवते. घरी फॉर्मॅल्डिहाइड हाताळण्याचा विचारही करू नये. तो वायू डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपायकारक आहे. म्हणजे ज्या ब्रशाला निर्जंतुकीकरणाची खरोखर गरज असू शकते त्याला ते घरी खात्रीने देता येत नाही, आणि ज्याला देता येईल त्याला बहुधा त्याची गरज नसते.

आधीच्या माणसाच्या जंतूंचे काय, हा प्रश्न तरीही रास्त आहे. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर फार टिकत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू मात्र किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. गजकर्णासारख्या रोगांची बुरशी त्याहून चिवट, ती महिनोन्महिने तग धरते. आणि दाढीच्या केसांच्या मुळाशी पू धरवणारा स्टॅफिलोकॉकस हाही कोरडेपणा बराच सोसतो. म्हणून बाजारातून आणलेला ब्रश तसाच वापरायचा नाही, हे बरोबर. पण अनेक महिने कोरडा पडून राहिलेला ब्रश साबणाने दोनतीनदा नीट धुवावा, सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये केसांची टोके काही मिनिटे बुडवावीत आणि पूर्ण वाळवावा, एवढ्याने उरलेला धोका अगदीच कमी होतो. अल्कोहोल बीजाणूंना मारत नाही, पण इथे बीजाणूंचा प्रश्न आपण वेगळा काढलेला आहे. ते मुठीला मात्र लागू देऊ नये, लाखेचे पॉलिश उतरते. ज्यांना जुन्या बाजारातल्या ब्रशाची किळस येते, ते कित्येकदा सलूनमध्ये दहा मिनिटांपूर्वी दुसऱ्याच्या गालावरून फिरलेला ओला ब्रश निमूट लावून घेतात. संसर्गाच्या दृष्टीने हा ओला ब्रश त्या कोरड्या ब्रशापेक्षा कितीतरी अधिक चिंतेचा आहे, आणि आपले लक्ष तिकडे जायला हवे.

बुडाशी दिसणाऱ्या पांढऱ्या थराला बहुतेक जण बुरशी समजतात आणि ब्रश टाकून देतात. तो थर साबणाचा असतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जोडले जाऊन पाण्यात न विरघळणारे क्षार बनतात आणि केसांच्या मुळाशी साचत राहतात. ज्या गावात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तिथल्या ब्रशावर हा थर लवकर धरतो. नुसत्या साबणाने तो निघत नाही, कारण तो साबणापासूनच बनलेला आहे. कपभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर किंवा थोडे लिंबूसत्त्व घालून त्यात केस दहाएक मिनिटे ठेवले की आम्ल या क्षारांतले कॅल्शियम सोडवून घेते. बरेच जण इथेच थांबतात आणि ब्रश अजून चिकट का, म्हणून वैतागतात. कॅल्शियम सुटल्यावर मागे मेणचट स्निग्धाम्ल उरते, आणि ते काढायला शाम्पू किंवा भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब लागतो. दोन्ही पायऱ्या झाल्या की वर्षानुवर्षे कडक राहिलेला झुपका मोकळा होतो. खरी बुरशी ओळखणे अवघड नाही: ती काळपट किंवा हिरवट डागांची असते, तिला कुबट वास येतो आणि ती आम्लात विरघळत नाही. ती लुकणापर्यंत शिरली असेल तर त्या झुपक्यावर वेळ घालवू नये. ओल्या जनावरासारखा येणारा वास मात्र वेगळा. तो प्राणिज केसांचा असतो आणि काही धुण्यांत विरतो.

केस गळतात म्हणून ब्रश निकामी ठरवण्याचीही घाई होते. धुतल्यावर पहिल्या काही दाढ्यांत पाचदहा केस सुटणे म्हणजे आधीच तुटलेले केस बाहेर येणे. केस मुळासकट झुबक्याने येत असतील तर लुकण गेले असे समजावे. केस मध्येच कुरतडलेले, आखूड दिसत असतील तर ते कसरीचे काम. असा ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला की अळ्या मरतात. बॅजरचा नाही म्हणून ब्रश टाकाऊ मानणे हेही चुकीचेच. डुकराच्या राठ केसांचा ब्रश कोरा असताना बोचतो, पण वापराने केसांची टोके फाटत जातात आणि तो मऊ होतो, त्यामुळे या जातीत चांगला जपलेला जुना ब्रश नव्यापेक्षा सरस ठरतो. डुकराचे केस पाणी शोषतात, म्हणून तो दाढीआधी काही मिनिटे भिजत ठेवावा. बॅजरच्या केसांना ओले होण्यापुरते पाणी पुरते, आणि कृत्रिम तंतूंना तेवढेही थांबावे लागत नाही. ब्रश उलटा टांगला तरच वाळतो ही समजूतही पक्की आहे, पण बारीक केसांमधले पाणी केशाकर्षणाने धरून ठेवलेले असते आणि निव्वळ टांगल्याने त्यातले फार थोडे गळते. झटकून, टॉवेलवर फिरवून, वारा लागेल असा उभा ठेवला तरी तो वाळतो. कोकणात पावसाळ्यात बंद न्हाणीघरात टांगलेला ब्रश कुजेल आणि खिडकीत उभा ठेवलेला टिकेल.

एवढी खटपट कशासाठी, नवा कृत्रिम ब्रश स्वस्त मिळतो, ही शेवटची हरकत. झुपक्यापुरती ती मान्य करायला हवी, कारण आजचे कृत्रिम तंतू खरोखर चांगले आहेत. जुन्या ब्रशाचे मोल बहुतेक वेळा मुठीत असते, आणि झुपका व मूठ वेगळे होऊ शकतात. सुटलेला चांगला झुपका दोन नळ्यांच्या इपॉक्सीने पुन्हा बसतो, आणि खराब झालेल्याच्या जागी साधारण २० ते २६ मिलिमीटर जाडीचा तयार कृत्रिम झुपका बसवता येतो; खाच आधी मोजून घ्यावी. १९३० पूर्वीच्या किंवा काळ न कळणाऱ्या ब्रशासाठी मी हाच मार्ग योग्य मानतो, फक्त ते केस कोरडे असताना कापू किंवा कोरू नयेत. पूर्ण भिजवून, हातमोजे घालून काढावेत, म्हणजे धूळ उडत नाही. मूठ हस्तिदंताची वाटत असेल तर मात्र विकत घेण्याआधीच थांबावे. भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि वस्तू शंभर वर्षे जुनी असल्याने त्यातून सुटका होत नाही.